बारा आरे, सात पुठ्ठे

साडू हे नातं कुणी मागून घेत नाही. बायको पसंत केली की ते आपोआप पदरात पडतं, पाट्याबरोबर वरवंटा यावा तसं. धुळ्याचे हिलाल वना बाविस्कर आणि जळगावचे सुपडू धनसिंग बोरसे हे असेच एकमेकांच्या पदरात पडलेले साडू. बहुतेक साडू एकमेकांचा प्लॉट, पगार आणि जावई यांच्यावर नजर ठेवून आयुष्य काढतात. या दोघांनी तोफा केल्या.

दोघांची सासुरवाडी दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. जावयांनी तेवढा वेळ काय करायचं, याची सोय पूर्वजांनी पत्त्यांचा डाव मांडून केलेली आहे. पण हिलालभाऊ पडले शाळामास्तर, त्यांना पत्ते खेळताना दिसायची चोरी. आणि सुपडूभाऊ आदल्या आखाजीला मनगटावरचं घड्याळ हरून बसलेले. म्हणून ऐंशी सालच्या आखाजीला दोघे गावाबाहेरच्या पडक्या गढीकडे फिरायला गेले. गढीच्या दारात एक तोफ अर्धी जमिनीत रुतून पडली होती. तिच्या तोंडाशी कुणीतरी शेळी बांधली होती.

सुपडूभाऊ जळगावच्या एका कारखान्यात टर्नर. त्यांनी तोफेवर टिचकी मारली, कान लावला.

"नळी चांगली शे, हिलालभाऊ. पण बिचारी जमिनीवर बसली."

"गाडा गेला तिचा," हिलालभाऊ म्हणाले. "चाकं गेली की तोफेचं उखळ होतं. आता मसाला कुटा तिच्यात."

"मी नळी करतो एक. लहानशी, पितळेची. तुम्ही चाकं करता?"

शेळी ओरडली. करार झाला. नळी सुपडूची, चाकं हिलालची, तोफ दोघांची. आणि दुसऱ्याला वगळून एकट्याने ती कुणाला दाखवायची नाही.

हिलालभाऊ शाळेत हस्तव्यवसाय शिकवत. पुढे सरकारने त्या विषयाचं नाव कार्यानुभव ठेवलं, तेव्हा त्यांना वाटलं आता दिवस पालटणार. पालटलं एवढंच, की पूर्वी हस्तव्यवसायाचा तास गणिताचे सर घेऊन टाकायचे, तो आता कार्यानुभवाचा तास म्हणून घेऊन टाकू लागले. तीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोपसमारंभ झाला. मुख्याध्यापकांनी भाषणात त्यांच्या सेवेचा भरभरून गौरव केला आणि त्यांना शेवटपर्यंत 'आपले बाबूराव' म्हटलं. शाळेत बाबूराव नावाचं कुणी नव्हतं, त्यामुळे हा गौरव नेमका कुणाचा झाला ते आजवर कळलेलं नाही.

या माणसाला पहिल्यांदा कुणी नीट पाहिलं असेल, तर ते सुपडूने.

चाक चार इंचांचं असो की चार फुटांचं, त्याची रीत एकच. मधे बाभळीचा तुंबा. तुंब्यात बारा आरे. आऱ्यांच्या टोकांवर सहा पुठ्ठे बसून त्यांचं गोल होतं. म्हणजे एका पुठ्ठ्याला दोन आरे, हा हिशेब ब्रह्मदेवालाही बदलता यायचा नाही. वरून लोखंडी पट्टीची धाव. धाव तापवून चढवायची. गार होताना ती आवळते आणि सगळे सांधे एकमेकांना घट्ट मिठी मारतात. गाडीच्या चाकाला गोवऱ्यांचा जाळ लागतो. हिलालभाऊंच्या चाकाची धाव बायकोच्या, वच्छलाबाईंच्या स्टोव्हवर तापायची, आणि तेवढा वेळ वरण थांबायचं. शिवाय चाक सपाट ठेवून चालत नाही. बशीसारखं ते किंचित बाहेर कलतं ठेवावं लागतं, तरच भार सोसतं. न कळणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याचं चाक वाकडं झालं.

एका जोडीला अकरा दिवस लागत. घाई केली तर तेरा.

जोडी तयार झाली की पेढ्यांच्या खोक्यात कापसात ठेवून ती धुळे-जळगाव गाडीच्या कंडक्टरच्या हवाली व्हायची. एका कंडक्टरने खोका कानाशी हलवून पाहिला आणि सांगितलं, "मास्तर, पेढे वाळलेत तुमचे." पलीकडे सुपडूभाऊ स्टँडवर उभे असायचे. ते तिथेच खोका उघडत, चाक तळहातावर घेऊन त्यावर अंगठा फिरवत, ओठ हलवत सांधे मोजत. मग घरी येऊन कार्ड टाकत: "जोडी पोचली. सहा अधिक सहा. कल उत्तम." एवढ्या मजकुरावर हिलालभाऊंचा पंधरवडा सुखात जाई. ती कार्डं त्यांनी विजेच्या बिलांच्या तारेत ओवून ठेवली होती. बिलं कधी हरवायची, कार्डं नाही.

दहा वर्षांत अशा अकरा तोफा झाल्या. दोघे निवृत्त झाले. नव्वदच्या दिवाळीत सुपडूभाऊंचं पत्र आलं. जळगावात छंदमित्र मंडळ नावाची संस्था निघाली आहे, जानेवारीत छंदांचं प्रदर्शन आहे, बाराव्या तोफेला मधलं टेबल दिलं आहे. ही तोफ मोठी, नळी दीड फुटाची. चाकं सहा इंची लागतील. खाली पितळी पट्टी बसवू आणि तीवर दोघांची नावं कोरू.

हिलालभाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि 'दोघांची नावं' या शब्दांखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली. मास्तरांना दुसरा आनंद व्यक्त करता येत नाही. पुढचे सव्वीस दिवस ते पडवीत बसून होते. नाव कसं यावं याचाही त्यांनी विचार केला: हि. व. बाविस्कर नको, हिलाल वना बाविस्कर, पूर्ण. म्हणजे कुणाला मधे बाबूराव घालायला जागा राहायला नको. चाकं गेली. या वेळी कार्ड मात्र आलं नाही. कामात असेल, असं म्हणून त्यांनी सुपडूला माफ केलं.

जानेवारीत निमंत्रणपत्रिका आली. हिलालभाऊ ती उभ्याने वाचू लागले आणि खाली खाली येत बसूनच गेले. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रमुख उपस्थिती, विशेष उपस्थिती, नुसतीच उपस्थिती. मधे ठळक अक्षरात 'तोफेचे शिल्पकार : श्री. सुपडू धनसिंग बोरसे'. अगदी तळाशी, जिथे छापखान्याचं नाव असतं त्याच्या वर बोटभर, 'विशेष सहकार्य : नथ्थू डेकोरेटर्स (मंडप व खुर्च्या), श्री. हि. व. बाविस्कर, धुळे (चाके)'.

वच्छलाबाईंनी पत्रिका हातात घेतली.

"तुमनं नाव कथं शे? तोफवर, का मंडपना खांबवर?"

"छापखान्याची चूक असते. जागा कमी पडते."

"जागा कमी पडनी, तं मंडपवाला कसा मावना?"

"अगं, सुपडू असं करणार नाही."

"मंग जा तुम्ही. माले नही येनं. तठे कोनी माले म्हनी, बाई, दोन खुर्च्या द्या."

आणि झालंही तसंच. शेजारच्या तोतारामने पत्रिका पाहिली, आणि मुलीच्या लग्नाला खुर्च्या मिळतील का, असं मोठ्या आदराने विचारलं.

हिलालभाऊ एकटेच निघाले. इस्त्रीचा सदरा, वर कोट, डोक्यावर टोपी. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी पेपर घेतला. आतल्या पानावर सुपडूचा फोटो होता, तोफेवर हात ठेवलेला. मथळा होता, 'एकहाती तोफा घडवणारा अवलिया'. फोटोत चाकांच्या जागी बातमीचा मजकूर सुरू होत होता. हिलालभाऊंनी पेपराची घडी घातली. वार्ताहर मुलं तरुण असतात, त्यांना एकहाती म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एरंडोल येईपर्यंत त्यांनी सुपडूच्या बाजूने आणखी तीन कारणं शोधली. पाळधीला चौथं शोधायला घेतलं, तोवर जळगाव आलं.

सभागृहाच्या दारात त्यांनी नाव सांगितलं आणि चमत्कार झाला. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता धावत आला आणि त्याने त्यांचा हात धरला.

"या आबा, या. पायरी आहे हं. एक... दोन... झाल्या. आता सपाट आहे."

जळगावकर एवढे अदबशीर कधी झाले, याचं हिलालभाऊंना नवल वाटलं. दुसऱ्याने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "आबा! सतरंजी! आहे! पायाखाली!" तिसऱ्याने त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना खुर्चीवर असं बसवलं, जसं गौरीला मखरात बसवतात. समोरून जाणाऱ्या दोन बायका थबकल्या, त्यांच्याकडे बघून चुकचुकल्या आणि पुढे गेल्या. हिलालभाऊंनी कोटाची बटणं तपासली. बरोबर होती.

कार्यकर्ता पाणी आणायला गेला, तेवढ्यात ते उठले आणि मधल्या टेबलाकडे गेले. गर्दी दोन्ही बाजूंना सरून त्यांना वाट देत होती.

तोफ सुंदर होती. नळी आरशासारखी झळकत होती. खाली पितळी पट्टी होती, तीवर सुपडूचं नाव होतं, आणि नाव संपल्यावरही अर्धी पट्टी मोकळी होती. हिलालभाऊंनी तिकडे फार वेळ पाहिलं नाही. ते चाकं पाहत होते.

ती त्यांची नव्हती. ती चाकंही नव्हती. प्लायवुडची चकती यंत्रावर कापून तिला आऱ्यांचा आकार दिला होता, वर तपकिरी पॉलिश मारलं होतं. ताटासारखी सपाट. धावेच्या जागी काळा रंग. पुठ्ठ्यांचे सांधे तर शाईने काढले होते. हिलालभाऊंनी सवयीने मोजलं. आरे बारा. सांधे सात. त्यांनी पुन्हा मोजलं. बारा आरे, सात पुठ्ठे. म्हणजे एका पुठ्ठ्याच्या वाट्याला पावणेदोन आरेसुद्धा पुरते येईनात.

"दाजी!" मागून ताईबाई आल्या, सुपडूभाऊंची बायको. त्यांच्या हातात फराळाची बशी होती आणि डोळ्यांत पाणी. "दाजी, हात पुढे करा. आठे पेढा शे. हाई चिवडा. हाऊ चमचा."

"दिसतंय की, ताईबाई."

यावर ताईबाईंना हुंदका आवरेना. "माले माहीत शे, तुम्ही असंच बोलतस. वच्छलाअक्काले बी घरमा कळू नही दिधं ना तुम्ही!"

"काय कळू दिलं नाही?"

"तुमना डोया गयात ते! यास्नी सांगं माले. अक्काले सांगू नको म्हने, तिना जीवले घोर लागी."

हिलालभाऊंनी बशीतला पेढा उचलला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला. चव लागत होती. म्हणजे जीभ तरी अजून शाबूत होती.

सुपडूभाऊ रंगमंचाच्या पडद्यामागे सापडले. नवा कोट, छातीवर गुलाबी फुलाचा बिल्ला. साडूला पाहून त्यांचा चेहरा पडला, आणि तो उचलायला त्यांना थोडा वेळ लागला.

"सुपडू, माझे डोळे कधी गेले?"

सुपडूभाऊंनी खाली पाहिलं. "दिवाळीनंतर," ते म्हणाले.

"मला कळवायचंस तरी."

"हळू बोला, हिलालभाऊ. बाहेर माइक चालू आहे." त्यांनी पडदा ओढून घेतला. "प्रकाशचंद शेठ आहेत ना, शिल्ड-कपवाले, मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी शंभर तोफा मागितल्या. व्यापाऱ्यांचं अधिवेशन आहे, पाहुण्यांना भेट द्यायला. मार्चपर्यंत. तुमची एक जोडी अकरा दिवस. शंभर जोड्यांना किती लागतील?"

"तीन वर्षं. सणवार धरले नाहीत."

"तेच म्हणतो मी. पण शेठ माणूस सरळ. म्हणाले, हिलालभाऊंना विचारल्याशिवाय चाक बदलायचं नाही. आता मी विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

यात चूक काढायला कुठे जागा नव्हती.

"पण डोळे रे?"

"मग काय सांगायचं? हात गेले म्हणू? तुम्ही कुठेतरी दिसला असता हात हलवताना. डोळ्यांचं बरं असतं, बाहेरून कळत नाही." सुपडूभाऊंनी त्यांच्या कोटावरची नसलेली धूळ झटकली. "माणसं हळहळली हो. शेठ तर जेवले नाहीत त्या दिवशी. ती पत्रिकेतली ओळ त्यांनीच घालायला लावली."

"सात पुठ्ठे काढलेस तू."

"काय?"

"बारा आऱ्यांवर सात पुठ्ठे. दहा वर्षं माझी चाकं मोजून घेतलीस."

"ते होय! पेंटरने काढले ते," सुपडूभाऊ म्हणाले. "आणि कोण मोजतं, हिलालभाऊ?"

डोळे गेल्याचं हिलालभाऊंना इतकं लागलं नव्हतं. पण 'कोण मोजतं' हे असं लागलं, की त्यांना पडद्याचा आधार घ्यावा लागला. आणि ते पाहून आत आलेल्या कार्यकर्त्याने लगेच त्यांचा हात धरला. "चला आबा, तुमचा सत्कार आहे. पायऱ्या तीन."

व्यासपीठावर प्रकाशचंद शेठ बोलायला उभे राहिले. जाड, मऊ माणूस. मनापासून बोलत होते, त्यामुळे घाम येत होता. "ज्या माणसाने दहा वर्षं डोळ्यांत तेल घालून चाकं केली, त्याच माणसाचे डोळे भगवंताने न्यावेत..." इथे त्यांनी घाम आणि डोळे एकाच रुमालाने पुसले. समोर पहिल्या रांगेत ताईबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या. टाळ्या पडल्या. हिलालभाऊंना शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि एका सेवाभावी क्लबातर्फे, लाल फीत बांधलेली, पांढरी काठी मिळाली. सगळं सभागृह उभं राहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत कुणी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली नव्हती; आज चारशे माणसं उभी होती, आणि ती ज्याच्यासाठी उभी होती तो माणूस हिलालभाऊ नव्हताच.

सुपडूभाऊ बाजूच्या खुर्चीवरून त्यांच्याकडे पाहत होते. त्या नजरेचा अर्थ आंधळ्यालाही कळला असता: साडू, सांभाळून घ्या.

सांभाळून घ्यायचं म्हणजे किती, याचा हिलालभाऊंनी हिशेब केला. गप्प बसलं तर आज पट्टीवरचं नाव जाईल. त्याची सवय होती. पण उद्या त्यांनी एखादं चाक केलं, तर ते आंधळ्याने केलेलं म्हणून लोक कौतुक करतील, किंवा आंधळ्याने कसं केलं असेल म्हणून हसतील. चाक मात्र कुणीच पाहणार नाही. ते माइकपाशी गेले.

"मला दिसतं," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रमुख पाहुण्यांनी दुसरा माइक ओढून घेतला. "मित्रहो, हीच ती अंतर्दृष्टी!" पुन्हा कडकडाट.

"तसं नव्हे. ह्या डोळ्यांनी दिसतं. तो समोरचा फलक बघा. 'प्रदर्शन'मधला रफार एक अक्षर अलीकडे पडलाय."

चारशे माना मागे वळल्या. तीन दिवस तो फलक तिथे होता. रफार खरोखरच अलीकडे पडला होता.

"आणि शेठ, तुमच्या हातातल्या कागदावर पुढचं वाक्य 'अंधारातही ज्यांनी' असं आहे. अंधारातल्या 'धा'चा काना तुम्ही गाळलाय की काय, तेवढं इथून नीट लागत नाही."

प्रकाशचंद शेठनी कागद खिशात घातला. सभागृह एवढं शांत झालं, की बाहेरची भजी तळण्याचा आवाज आत येऊ लागला. मग मागून कुणीतरी मोठ्याने विचारलं, "अरे, मग डोळे गेले असं सांगितलं कोणी?"

सगळ्यांनी सुपडूभाऊंकडे पाहिलं. हिलालभाऊंनीही पाहिलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही त्यांना आशा होती. एकच वाक्य हवं होतं: मी खोटं बोललो. एवढं म्हणाला असता तर त्यांनी तिथल्या तिथे त्याला पोटाशी धरलं असतं, आणि सात पुठ्ठेसुद्धा पेंटरच्या नावावर घातले असते.

सुपडूभाऊ उठले. त्यांचे हात जोडलेले होते आणि डोळ्यांतून खरोखरचं पाणी वाहत होतं.

"आली!" ते ओरडले. "दृष्टी आली! पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललो होतो मी! माझ्या साडूला तोफ दिसू दे, म्हटलं होतं! देवा, दिसली रे!"

त्यानंतर जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. लोक खुर्च्यांवर चढले. ताईबाई व्यासपीठावर धावत आल्या आणि नवऱ्याच्या पायांवर पडल्या. प्रकाशचंद शेठनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून सुपडूभाऊंच्या गळ्यात घातला आणि आता मात्र ते मोकळेपणी रडले. "अहो, गेलीच नव्हती! बठ्ठं दिखस माले! पहिलेपासून दिखस!" असं हिलालभाऊ माइकमध्ये ओरडत होते, पण लाऊडस्पीकरने त्याच वेळी शीळ घातली, आणि ज्यांना ऐकू गेलं त्यांनी 'बठ्ठं दिखस', सगळं दिसतं, एवढंच ऐकून जयजयकार केला. एक म्हातारी सुपडूभाऊंपाशी येऊन स्वतःच्या गुडघ्यांसाठी नवस बोलाल का, असं विचारत होती. सुपडूभाऊ 'बघतो' म्हणाले.

चाकांचं श्रेय गेलं होतंच. आता डोळ्यांचंही गेलं.

खाली उतरताना क्लबाचा चिटणीस आडवा आला. "अभिनंदन, आबा. आता ही काठी तुम्हाला लागणार नाही. दुसऱ्या गरजूला देता येईल." त्याने काठी परत घेतली आणि फीत नीट करून ठेवली.

संध्याकाळच्या गाडीसाठी हिलालभाऊ स्टँडवर उभे होते, तिथे सुपडूभाऊ मागोमाग आले. गळ्यातला हार त्यांनी वाटेत कुठेतरी काढला होता. एक झेंडूची पाकळी कॉलरवर राहिली होती. बराच वेळ दोघे फलाटावरचे आकडे वाचत उभे राहिले.

"नवसाचं एक आहे," सुपडूभाऊ शेवटी म्हणाले. "फेडायला जावं लागेल पद्मालयाला. लोकांदेखत बोललोय. तुम्ही बरोबर आलात तर बरं दिसेल."

"कुणाला?"

सुपडूभाऊ कॉलर चाचपू लागले.

"माझी चाकं दे, सुपडू."

"ती..." सुपडूभाऊंनी पाकळी काढून टाकली. "यंत्रवाल्याला नमुना लागत होता. आरे आत कसे बसतात ते बघायला त्याने चाक कापलं."

"दोन्ही?"

"एक कापलं. दुसरं खात्री करायला."

गाडी लागली. कंडक्टरने घंटीची दोरी हातात धरून 'पारोळा, धुळे' अशी हाळी दिली. हिलालभाऊंनी पायरीवर पाय ठेवला आणि मागे वळून विचारलं, "आतून काय निघालं?"

"काही नाही, हिलालभाऊ," सुपडूभाऊ अगदी खरं बोलले. "लाकूडच होतं."

हिलालभाऊ आत जाऊन खिडकीशी बसले. सुपडूभाऊ खाली उभे होते, काचेवर हात ठेवून काहीतरी सांगत होते. हिलालभाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. गाडी हलली तेव्हा काच आपोआप त्या हाताखालून निघून गेली.

पाळधी गेल्यावर त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. शेजारी मांडीवर केळ्यांचा घड घेऊन एक शेतकरी बसला होता. तो थोडा वेळ पाहत राहिला.

"डोयाले काय व्हयनं, आबा?"

"काही नाही. दाखवायला गेलो होतो जळगावला."

"मंग? काय सांगं डाक्टरनी?"

हिलालभाऊंनी रुमालाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"लांबचं चांगलं दिसतं म्हणे," ते म्हणाले. "जवळचं दिसत नाही."

"ते व्हसच या वयमा," शेतकरी म्हणाला, आणि घडातलं एक पिकलं केळ तोडून त्याने त्यांच्यापुढे धरलं. "बठ्ठास्ले व्हस. ल्या, खा."